फोनला दिसतं, लॅपटॉपला नाही: घरच्या वाय-फायच्या न दिसण्याचा इतिहास

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलीतली वाक्यं बऱ्याच ठिकाणी तशीच ठेवली आहेत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं जातं त्यांच्यासाठी.)

आजचा विषय वरवर बघायला एकदम किरकोळ आहे. घरात राउटर चालू आहे, त्याचे दिवे लुकलुकतायत, फोनवर रील्स चालू आहेत. आणि लॅपटॉप उघडला तर नेटवर्कच्या यादीत शेजाऱ्यांची सगळी नावं आहेत, आपलं नाही. किंवा यादी पूर्ण रिकामी. पासवर्ड चुकला वगैरे नंतरची गोष्ट. मुळात नेटवर्क दिसतच नाही.

तुमच्यापैकी जे घरातले 'कॉम्प्युटरवाले' आहेत त्यांना हा फोन कधी ना कधी आला असेलच. मीही इंजिनिअर आहे, त्यामुळे दिवाळीत गावी गेलं की फराळाच्या ताटासोबत कोणाचा तरी लॅपटॉपही समोर येतो. आणि यात गंमत कमी आणि नुकसान जास्त आहे. कारण बऱ्याचदा 'वायफाय कार्ड गेलं', 'मदरबोर्डचं काम आहे', 'आता नवीनच घ्या' असा निकाल लागतो. कॉलेजला जाणाऱ्या मुलीसाठी घरच्यांनी पैसे जमवून सेकंडहँड लॅपटॉप घेतलेला असतो, आणि तो चांगला असूनही कपाटात जातो. परीक्षेचा फॉर्म मग फोनच्या छोट्या स्क्रीनवर भरला जातो.

तर आज आपण उलट्या बाजूनं जाऊ. लॅपटॉपला नेटवर्क न दिसण्याची जी चार-पाच मुख्य कारणं आहेत, त्यातल्या प्रत्येकामागे एक गोष्ट आहे. कोणीतरी कधीतरी घेतलेला एक निर्णय आहे. तो निर्णय कळला की बिघाड कुठे शोधायचा हे पाठ करावं लागत नाही.

'दिसणं' म्हणजे नक्की काय?

आधी हे समजून घेऊ. राउटर गप्प बसलेला नसतो. तो सेकंदाला साधारण दहा वेळा एक छोटा संदेश हवेत सोडतो. त्याला बीकन म्हणतात, म्हणजे दीपस्तंभासारखं. त्यात असतं काय, तर 'माझं नाव अमुक, मी अमुक चॅनेलवर आहे, मला अमुक वेग जमतो, माझी सुरक्षा अमुक प्रकारची.' लॅपटॉपचं कार्ड एकेका चॅनेलवर जाऊन थोडा वेळ कान लावतं. ज्यांचे बीकन ऐकू आले त्यांची यादी बनते. कधीकधी तो स्वतःही हाक मारतो, 'कोणी आहे का?', आणि उत्तर आलं की नोंद करतो.

म्हणजे 'दिसत नाही' याचा अर्थ तीनपैकी एक. लॅपटॉप ऐकतच नाहीये. किंवा ऐकतोय, पण राउटर बोलतोय त्या चॅनेलवर नाही. किंवा त्याच चॅनेलवर ऐकतोय, पण ऐकलेलं त्याला समजत नाहीये. आजचा सगळा भाग या तीन वाक्यांवरच आहे, ती लक्षात ठेवा.

हवाई बेटांवरचा गोंधळ

कॉम्प्युटरनी तारेशिवाय बोलावं ही कल्पना वाय-फायपेक्षा बरीच जुनी. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलोहानेट नावाचं जाळं सुरू केलं. हवाई म्हणजे बेटं. प्रत्येक बेटावरून मुख्य कॉम्प्युटरपर्यंत टेलिफोनची तार वापरणं महाग आणि बेभरवशाचं. म्हणून त्यांनी रेडिओ वापरला. वेग होता सेकंदाला ९६०० बिट. आजच्या व्हॉट्सॲपच्या एका फोटोला यावर कित्येक मिनिटं लागतील.

खरी अडचण वेगाची नव्हती. एकाच रेडिओ चॅनेलवर सगळ्यांनी बोलायचं म्हटलं की दोघं एकदम बोलणार आणि दोघांचंही वाया जाणार. अब्रॅमसन यांचा उपाय एकदम साधा होता. बोला. पोचल्याची पावती आली नाही तर समजा धडक झाली. मग थोडा वेळ थांबा, तोही प्रत्येकानं वेगवेगळा, चिठ्ठी टाकून ठरवल्यासारखा, आणि पुन्हा बोला. हिशोब केला तर या पद्धतीत चॅनेलचा जास्तीत जास्त १८ टक्क्यांच्या आसपासच उपयोग होतो. तरी ती चालली. पुढे रॉबर्ट मेटकाफ यांनी याच विचारात सुधारणा करून १९७३ मध्ये इथरनेटची मांडणी केली, आणि वाय-फायमध्ये 'आधी ऐका, मोकळं असेल तरच बोला' हा नियम आला.

आपल्या कामाचा भाग असा, की वाय-फायमध्ये कोणी वाहतूक हवालदार नाही. सगळे एकाच चौकात, आपापल्या समजुतीनं. सोसायटीत तीस राउटर एकाच चॅनेलवर असतील तर नेट हळू होणार. पण हळू होणं आणि न दिसणं हे दोन वेगळे आजार आहेत. न दिसण्याला गर्दी हे कारण क्वचितच असतं. आता खऱ्या कारणांकडे.

कचरापट्टीत उगवलेलं झाड

वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर का चालतं? चांगली जागा होती म्हणून नाही, कोणालाच नको असलेली जागा होती म्हणून.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारसाठी मॅग्नेट्रॉन नावाचं उपकरण वापरलं जायचं. १९४५ च्या सुमारास अमेरिकेत रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सर यांनी त्यानं अन्न गरम करायची युक्ती काढली. तो आपला मायक्रोवेव्ह ओव्हन. अशी यंत्रं रेडिओलहरी बाहेर सांडणार, मग त्यांना कुठेतरी एका कोपऱ्यात बसवायला हवं. १९४७ च्या अटलांटिक सिटीतल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय कामांसाठी काही पट्टे बाजूला काढले गेले. त्यातला एक २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. म्हणजे, इथे गोंगाट असणारच, तक्रार करू नका. (पाण्याचे रेणू नेमके याच वारंवारितेला नाचतात म्हणून ओव्हनला ती दिली, असं तुम्ही ऐकलं असेल. तसं काही नाही. याहून वेगळ्या वारंवारितेवरही पाणी गरम होतं.)

मग १९८५ मध्ये अमेरिकेच्या संपर्क आयोगानं, तिथले अभियंते मायकेल मार्कस यांच्या पाठपुराव्यामुळे, ठरवलं की या गोंगाटाच्या पट्ट्यांत कमी ताकदीचे संदेश कोणीही विनापरवाना पाठवावेत. अट एकच. संदेश एका बारीक रेषेत न पाठवता पट्टाभर पसरवून पाठवायचा, म्हणजे एकमेकांना त्रास कमी. मोठ्या कंपन्यांना यात फारसा रस नव्हता. ज्याची मालकी मिळत नाही अशा जागेत पैसे कोण घालणार? पण नेमकं याच मोकळेपणामुळे छोट्या लोकांना तिथे प्रयोग करता आले.

इथे एक समज दुरुस्त करू. हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमार हिनं वाय-फाय शोधलं, अशी पोस्ट दर महिला दिनाला फिरते. तिनं आणि संगीतकार जॉर्ज अँथिल यांनी १९४२ मध्ये पेटंट घेतलं होतं हे खरं. टॉर्पेडोला जाणारा रेडिओ संदेश शत्रूला अडवता येऊ नये म्हणून वारंवारिता सतत बदलत राहायची, पियानोच्या ८८ पट्ट्यांसारख्या ८८ वारंवारितांवर उड्या मारत. कल्पना जबरदस्तच आहे. १९९७ च्या पहिल्या वाय-फाय मानकात उड्या मारण्याचा एक पर्याय होताही. पण आज आपण वापरतो ते वाय-फाय उड्या मारत नाही. उड्या ब्लूटूथ मारतं. तिचं श्रेय मोठं आहे, त्याला फुगवायची गरज नाही.

गल्ला, हुलाहूप आणि एक निरर्थक नाव

वाय-फायचा जन्म व्हिडिओ बघायला झाला नाही, दुकानातल्या गल्ल्यांसाठी झाला. एनसीआर ही कॅश रजिस्टर बनवणारी कंपनी. दुकानाची मांडणी बदलली की गल्ल्यांच्या तारा पुन्हा ओढाव्या लागायच्या, म्हणून त्यांना बिनतारी जोड हवी होती. त्यांच्या नेदरलँड्समधल्या शाखेतले व्हिक हेस यांनी आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेत मानक ठरवायची समिती चालवली. १९९० मध्ये काम सुरू झालं आणि १९९७ मध्ये पहिलं मानक आलं, ८०२.११. वेग सेकंदाला १ किंवा २ मेगाबिट.

१९९९ मध्ये दोन भावंडं आली. ८०२.११बी, २.४ गिगाहर्ट्झवर, ११ मेगाबिट. आणि ८०२.११ए, ५ गिगाहर्ट्झवर, ५४ मेगाबिट. हे नीट लक्षात ठेवा. अगदी पहिल्या दिवसापासून वाय-फाय दोन वेगळ्या पट्ट्यांत विभागलं गेलं, आणि एका पट्ट्याचं कार्ड दुसऱ्या पट्ट्यातलं काही ऐकू शकत नाही. स्वस्त बी जिंकलं. त्याच जुलैत न्यूयॉर्कला स्टीव्ह जॉब्स यांनी आयबुक दाखवला. वेबपेज उघडं असलेला लॅपटॉप त्यांनी हुलाहूपच्या रिंगमधून फिरवला, तार नाही हे पटवायला.

नावाचीही गंमत आहे. '८०२.११बी' हे नाव दुकानात चालणार नाही म्हणून कंपन्यांच्या संघटनेनं इंटरब्रँड या नावं देणाऱ्या संस्थेकडून 'वाय-फाय' हे नाव घेतलं. हाय-फायशी यमक जुळतं एवढंच. त्याचा पूर्ण अर्थ 'वायरलेस फिडेलिटी' असा सांगतात, तो नंतर जाहिरातीसाठी चिकटवलेला. क्विझमध्ये विचारलं तर भांडायला हरकत नाही.

कल्याणच्या डिश आणि ५ गिगाहर्ट्झ

आता एक आपल्या घराजवळची वाट. घरात रेडिओलहर सरळ येत नाही. ती भिंतीवर, लोखंडी कपाटावर, फ्रिजवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी, थोड्या थोड्या वेळानं पोचते. एकच वाक्य चार प्रतिध्वनींसकट ऐकल्यासारखं. वेग वाढवला की हे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून सगळा काला होतो.

ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत जॉन ओ'सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी यावर तोडगा काढला. ओ'सलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्राच्या कामातले. १९७० च्या दशकात ते फुटणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे संदेश शोधत होते. ते सापडले नाहीत, पण विस्कटलेला संदेश गणितानं पुन्हा सरळ करायची सवय हाताशी राहिली. एकच वेगवान संदेश पाठवण्याऐवजी तो अनेक हळू संदेशांत वाटून शेजारीशेजारी पाठवायचा, म्हणजे प्रतिध्वनी त्रास देत नाहीत. ८०२.११ए मध्ये असे ५२ उपवाहक होते. संस्थेला १९९६ मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं आणि पुढे कंपन्यांशी मोठ्या कोर्टकज्ज्यानंतर ४३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपेक्षा जास्त रक्कम मिळाली. मात्र 'वाय-फाय ऑस्ट्रेलियानं शोधलं' हेही अर्धसत्यच. त्यांनी एक महत्त्वाचा तुकडा दिला.

याच सीएसआयआरओमध्ये १९५० च्या दशकात एक भारतीय तरुण शिकायला गेला होता, गोविंद स्वरूप. तिथल्या वापरून झालेल्या ३२ छोट्या डिश भारताला मिळाल्या, आणि १९६५ मध्ये त्या उभ्या राहिल्या आपल्या कल्याणला. सूर्याचा अभ्यास करणारी ती भारताची सुरुवातीची रेडिओ दुर्बीण. पुढे याच स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशची जीएमआरटी झाली. नारायणगावच्या बाजूनं गेलात तर दिसेल. एकाच संस्थेच्या कामाचं एक टोक तुमच्या राउटरमध्ये आहे आणि दुसरं खोडदच्या माळावर.

आकाश कोणाचं?

भारतात हे सगळं आलं तेव्हा कायदा होता १८८५ चा तार अधिनियम आणि १९३३ चा बिनतारी अधिनियम. त्यांच्या हिशोबात रेडिओ यंत्र जवळ ठेवायलाही परवाना. तुमच्या आजोबांना विचारा. घरातल्या साध्या रेडिओसाठी दरवर्षी पोस्टात जाऊन लायसनची फी भरावी लागायची, त्याचं एक छोटं पुस्तक असायचं. ती भानगड १९८० च्या दशकात संपली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे. आणि जानेवारी २००५ च्या अधिसूचनांनी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, ठरावीक ताकदीच्या मर्यादेत, विनापरवाना मोकळा केला. ५ गिगाहर्ट्झचे काही भाग तेव्हा फक्त इमारतीच्या आत वापरायला मिळाले. बाहेर वापरायची मोठी सूट २०१८ मध्ये आली. ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठी केंद्र सरकारनं २०२५ मध्ये मसुदा नियम काढले.

हा फक्त कायद्याचा इतिहास नाही, आपल्या यादीतलं नाव गायब होण्याचं एक थेट कारण इथे आहे. प्रत्येक देशाची कात्री वेगळी. २.४ गिगाहर्ट्झमध्ये अमेरिकेत साधारण १ ते ११ चॅनेल वापरतात, युरोपात १ ते १३. आपल्या मोकळ्या पट्ट्यातही १३ पर्यंत बसतात. आता समजा तुमचा राउटर 'ऑटो' वर आहे आणि त्यानं गर्दी टाळायला १३ नंबर घेतला. लॅपटॉप अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेला, कोणा नातेवाइकानं तिकडून आणलेला. त्याचं कार्ड ११ च्या पुढे कान लावतच नाही. राउटर ठीक, लॅपटॉप ठीक, आणि दोघांची भेट नाही.

मग फोनला कसं दिसतं? कारण फोनमध्ये सिम आहे. मोबाइल टॉवरवरून त्याला कळतं की आपण भारतात आहोत, आणि तो इथले नियम लावू शकतो. लॅपटॉपला आपण कोणत्या देशात आहोत हे सांगणारं बहुधा कोणी नसतं.

लपलेलं नाव आणि २००८ चा धडा

जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी एक धमकीची ईमेल आली. तपास नवी मुंबईतल्या एका घरापर्यंत पोचला. तिथल्या असुरक्षित वाय-फायचा दुसऱ्याच कोणीतरी वापर केला होता. त्यानंतर मुंबई पोलिसांनी उघडी नेटवर्क शोधायची मोहीम हाती घेतली आणि २००९ मध्ये दूरसंचार विभागानं वाय-फाय सुरक्षित करण्याच्या सूचना दिल्या. पासवर्ड लावा हा सल्ला अगदी बरोबर. पण त्या काळात जगभर आणखी एक सल्ला फिरत होता, नेटवर्कचं नावच लपवा.

नाव लपवलं की राउटर बीकन सोडतोच, फक्त नावाची जागा रिकामी ठेवतो. त्यानं चोर थांबत नाही, कारण घरातला एखादा फोन जोडला जाताना नाव हवेत उच्चारलं जातंच. थांबतो तो तुमचा स्वतःचा नवीन लॅपटॉप. फोनवर नाव आधीच साठवलेलं असतं म्हणून तो जोडला जातो. घरात कोणी दहा वर्षांपूर्वी 'सेटिंग' करून ठेवलं असेल तर हे नक्की तपासा. आणि सुरक्षेचं म्हणाल तर जुनी वेप ही पद्धत २००१ मध्येच मोडून दाखवली गेली. डब्ल्यूपीए२ किंवा ३ आणि लांब पासवर्ड, एवढं पुरे.

बटण, ड्रायव्हर आणि नवा राउटर

मार्च २००३ मध्ये इंटेलनं सेंट्रिनो आणलं आणि वाय-फाय लॅपटॉपच्या पोटात गेलं. विमानात रेडिओ बंद ठेवावा लागायचा, बॅटरीही वाचवायची, म्हणून लॅपटॉपच्या कडेला वाय-फायचं सरकतं बटण आलं. जुन्या लॅपटॉपवर ते आजही असतं. बॅगेत घालताना सरकतं आणि महिनोन्महिने कोणाला कळत नाही. नव्या लॅपटॉपवर त्याच जागी एखादी फंक्शन की आणि एअरप्लेन मोड.

ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि विंडोज किंवा लिनक्स यांच्यातला दुभाषी. काही कंपन्या कार्डांची आतली माहिती देत नसत, म्हणून लिनक्सवाल्यांनी कित्येक वर्षं विंडोजचेच ड्रायव्हर जुगाड करून चालवले. ब्रॉडकॉमनं २०१० मध्ये काही कार्डांचा खुला ड्रायव्हर दिला तेव्हा मोठी बातमी झाली होती.

आणि अलीकडचं उदाहरण सगळ्यात बोलकं. ८०२.११एएक्स, म्हणजे वाय-फाय ६ चे राउटर २०१९ च्या सुमारास घरोघरी यायला लागले. इंटेलची काही जुनी कार्डं, त्यांचा ड्रायव्हर जुना असेल तर, या राउटरचं नाव यादीत दाखवतच नव्हती. इंटेलनंच तशी सूचना काढली. नव्या बीकनमध्ये जुन्या दुभाष्याला न कळणारे शब्द होते. ड्रायव्हर नवीन टाकला की नाव दिसतं. विचार करा, ऑपरेटरनं फुकट नवा राउटर लावून दिला आणि त्याच दिवशी लॅपटॉप 'बिघडला'. कोणालाही वाटेल लॅपटॉपच गेला.

आता हातात फोन घ्या

इतिहास झाला, आता काम. क्रमानं जाऊ.

एक. लॅपटॉपच्या यादीत शेजाऱ्यांची नावं दिसतात का? एकही नाव नाही, म्हणजे लॅपटॉप ऐकतच नाहीये. एअरप्लेन मोड, कडेचं बटण, फंक्शन की बघा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॅप्टरखाली कार्डचं नाव आहे का ते बघा. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' चालू आहे का तेही. कार्डाचं नावच नसेल आणि नुकतीच रॅम किंवा डिस्क बदलली असेल, तर कार्ड सॉकेटमधून हललं असेल. कार्डाचं नाव आहे पण यादीत काहीच नाही, किंवा राउटरशेजारी बसल्यावरच नाव दिसतं, तर कार्डावरच्या दोन बारीक अँटेना वायरी निसटल्या असतील. दुरुस्तीवाल्याला हे आधी तपासायला सांगा, मदरबोर्डचं नंतर.

दोन. शेजारी दिसतात, आपण नाही? मग फोनचा हॉटस्पॉट चालू करा. बहुतेक फोनमध्ये बँड निवडता येतो. आधी २.४ ठेवा. दिसला? आता ५ करा. गायब झाला? उत्तर मिळालं. तुमचं कार्ड फक्त २.४ चं आहे आणि राउटरवर फक्त ५ चालू आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चालू करा आणि त्याला वेगळं नाव द्या.

तीन. दोन्ही हॉटस्पॉट दिसतात? मग दोष चॅनेलचा किंवा भाषेचा. राउटरचा चॅनेल ऑटोवरून काढा. २.४ साठी १, ६ किंवा ११. ५ साठी ३६ ते ४८ मधला. मधले ५२ ते १४४ चॅनेल बऱ्याच देशांत रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. राउटरला आधी मिनिटभर ऐकावं लागतं आणि रडार आढळलं तर जागा सोडावी लागते, आणि काही कार्डं तिथे बघतच नाहीत. नाव लपवलेलं असेल तर उघडं करा.

चार. तरी नाही? ड्रायव्हर बदला. पण नेट नाही तर ड्रायव्हर उतरवणार कसा? फोन केबलनं लॅपटॉपला जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. फोनचं नेट तारेतून लॅपटॉपला मिळतं. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या किंवा कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरूनच घ्या, 'ड्रायव्हर अपडेटर' नावाच्या फुकट्या ॲपवरून नको. तोवर काम चालवायचं तर राउटरवर ८०२.११एएक्स मोड तात्पुरता बंद करून बघा.

पाच. यातलं काहीच जमलं नाही तर कार्ड खरंच गेलं असेल. तेव्हाही लॅपटॉप गेलेला नसतो. यूएसबीत लावायचं छोटं वाय-फाय ॲडॅप्टर मिळतं, आणि बऱ्याच लॅपटॉपमधलं कार्ड बदलताही येतं.

जाता जाता

हा सगळा पसारा पाहिला की एक गोष्ट जाणवते. राउटर आणि लॅपटॉप वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या वर्षांचे, कधी वेगवेगळ्या देशांसाठी बनवलेले, तरी ते बहुतेक वेळा एकमेकांना सापडतात. याचं कारण कोणा एका कंपनीची हुशारी नाही. एक पट्टा सगळ्यांसाठी मोकळा सोडला गेला आणि अनेकांनी बसून बोलण्याचे नियम ठरवले. नवीन मानकं येत राहणार, ६ गिगाहर्ट्झही येणार, आणि प्रत्येक वेळी मागे राहणाऱ्यांत जुनी यंत्रं आणि ती वापरणारी माणसं असणार. म्हणून पुढच्या वेळी घरात कोणी 'लॅपटॉप गेला' म्हटलं, तर आधी फोनचा हॉटस्पॉट लावून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

आजच्यापुरतं इतकंच. ज्या मित्राचा लॅपटॉप 'बिघडून' पडलाय त्याला हा भाग पाठवा. त्याला कोणत्या पायरीवर नेटवर्क दिसलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा.